राणी रंगाचा निर्वाळा

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची! गाडी फलाटाला लागायच्या आधीच मामाचं टक्कल दिसलं, उन्हात नाण्यासारखं चमकत होतं. माझी बॅग उचलताना म्हणाला, डॉक्टरीणबाई, हे वजन पुस्तकांचं की अकलेचं? मी म्हटलं, पुस्तकांचं. अक्कल या छोट्या पर्समध्ये मावली. फलाटभर हसला.

आई गेल्यावर मामा-मामींनीच मला वाढवलं. त्यांना मूल नाही आणि मला त्यांच्याशिवाय कुणी नाही, असा आमचा सरळ हिशेब. मी वसतिगृहात राहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते तेव्हा मामा या रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर होऊन इकडे आला. त्यामुळे हे घर मी आजच बघितलं. वरची खोली माझी. पलंग, टेबल, खिडकीत मामीनं लावलेला नवा पडदा. खिडकीतून कारखान्याची मागची बाजू दिसते, आणि तिथून निघणारं गटार चक्क गुलाबी आहे. मला तर गंमतच वाटली.

मामी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणजे साहेब घरचा, सिस्टर घरची, आणि आता केमिस्टही घरचीच. मी मामाला विचारलं, चालेल का हे? तो म्हणाला, आडनाव वेगळं आहे, कोण विचारतंय!

६ फेब्रुवारी

आज कामाला हात घातला. कारखान्यात बरेच रंग होतात, पण मला बघायचाय तो एकच. कागदावर तो 'आठ नंबर', शेडमध्ये सगळे त्याला 'राणी' म्हणतात. रंगही तसाच आहे, डोळ्यांत भरणारा. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीला निर्वाळा हवाय, की राणी बनवताना कामगारांना अपाय होत नाही. तो द्यायचा की नाही, हे मी ठरवायचं.

खरी भीती रंगाची नाही, तो ज्या रसायनापासून करतात त्याची आहे. ते कातडीतून आत शिरू शकतं, रक्त बिघडवतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. जाता जाता मूत्राशयाचं वाटोळं करतं. कधी लगेच, कधी वर्षांनी. म्हणून आठवड्याला प्रत्येकाची लघवी तपासायची. आत काही शिरत असेल तर तिथे सापडेलच.

शेड म्हणजे एक वेगळंच जग आहे. गाळणी, सुकवायचे ट्रे, दळण आणि शेवटी पोती भरायची जागा. माणसं तीसेक. त्यांच्या भुवया गुलाबी, चहाचे ग्लास गुलाबी, कोपऱ्यातलं मांजरसुद्धा गुलाबी. मुकादम म्हणाला, आमच्या बायकांना विचारावं लागत नाही, नवरा कुठे होता ते उशीच सांगते. मी खूप हसले. तो हसला नाही.

पुरुष माझ्यासमोर लाजतील म्हणून बाटल्या मामी गोळा करणार. शिवाय तुलनेला एक स्वच्छ शरीर लागतं, ते माझं. मामी म्हणाली, तुझी नुसती बाटली नको, दिवसभराचा नमुना घेऊ, पक्कं काम होईल. मोठा कॅनच आणून ठेवला न्हाणीघरात. वर म्हणते, एवढी शिकलीस आणि शेवटी काय, तर कॅन भर!

१४ फेब्रुवारी

पहिला निकाल लागला. प्रयोगशाळेतलं यंत्र जुनं आहे, कागदाच्या गुंडाळीवर पेनानं रेघ काढत जातं. त्या रसायनाचा अंश असला तर रेघेला उंचवटा येतो. सगळ्या बाटल्या तपासल्या. रेघ सपाट, पाटासारखी. एकालाही काही नाही!

खरं सांगायचं तर थोडा अंश सापडेल असं मला वाटलं होतं. पण न सापडल्याचं दुःख कोण करतं? मामानं मला पेनाचा सेट दिला. रात्री मामी मात्र अर्ध्या जेवणावरून उठली. पाय दुखतात म्हणाली.

२२ फेब्रुवारी

पुन्हा सपाट.

आज मुकादमानं सगळ्यांदेखत विचारलं, मॅडम, राणी एवढी गुणाची आहे तर तुम्ही हातमोजे का घालता? प्रश्न साधाच होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझेच आकडे सांगताहेत की काही आत जात नाही, आणि मीच कोपरापर्यंत रबर चढवून उभी! मी हातमोजे काढले, तोंडावरचा मास्कही काढला. ट्रेमध्ये हात घातला आणि मूठभर राणी उचलून दाखवली. पिठासारखी मऊ, किंचित गार. माणसं बघत राहिली. मग दोघा-तिघांनी आपले हातमोजे काढून खुंटीला टांगले. मग सगळ्यांनीच.

वर ऑफिसच्या काचेमागे मामा उभा होता. मी हात हलवला. त्यानंही हलवला.

घरी आले तर मामी ओट्यापाशी डोळे पुसत होती. कांदा चिरत नव्हती. विचारलं तर म्हणाली, वयाचं असतं गं काहीतरी. माझे हात साबणानं तिनंच धुतले, लहानपणी धुवायची तसे. गुलाबी रंग काही जाईना. ती घासतच राहिली, मला दुखेपर्यंत.

५ मार्च

अहवालावर सही केली. 'कामगारांच्या शरीरात अंश आढळला नाही.' मामा स्वतः टपालात टाकून आला.

लगेच हातमोज्यांची पेटी शेडमधून स्टोअरमध्ये गेली. आता गरज नाही म्हणे, निर्वाळा आलाय. हे मला खटकलं. गरज नाही असं मी कुठे लिहिलंय? मामा म्हणाला, अगं, तूच काढून दाखवलेस ना.

शेडमधली माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत. मी गेले की गप्प होतात. आणि आज लक्षात आलं, या शेडमध्ये म्हातारा माणूस एकही नाही. केस पिकलेला फक्त मुकादम, आणि तोही चाळिशीचाच निघाला. मामाला विचारलं, वय झालेले कुठे जातात? म्हणाला, हलक्या कामाला. कुठलं हलकं काम? म्हणाला, असतं काहीतरी.

डोकं दुखतंय. शेडमधून आलं की रोज दुखतं.

१४ मार्च

रेघेला उंचवटा आला आहे.

लहानसाच, पण आहे. आणि सगळ्यांच्या बाटल्यांत आहे. त्याहून विचित्र म्हणजे माझ्याही! मीच जर स्वच्छ नसले तर तुलना कशाशी करायची? यंत्र घाण झालं असणार. नळ्या धुतल्या, काच धुतली, पुन्हा चालवलं. आले तेच. नुसतं पाणी घालून बघितलं, तर रेघ सपाट.

म्हणजे यंत्र ठीक आहे.

१८ मार्च

मामाला सांगितलं. तो म्हणाला, घाई करू नकोस, आणखी एक आठवडा बघ. मामीच्या हातून कप निसटून फुटला.

एक गोष्ट पटत नाही. गाळणीवरचा माणूस दिवसभर भिजतो, पोती शिवणारा कोरडा असतो. दोघांचे आकडे सारखे कसे? बाटल्यांत फरक आहे तो फक्त पाण्याचा, कुठली जास्त पातळ, कुठली कमी. तो धरून हिशेब केला की सगळे एकाच आकड्यावर येतात. जणू तीस माणसांना एकच पोट आहे.

लघवीला जळजळतंय. आरशात ओठ निळसर दिसले. उजेड कमी असेल.

डोकेदुखीची गोळी घेऊन पडते.

२१ मार्च

आजच्या रेघेवर दोन उंचवटे. पहिला राणीच्या रसायनाचा, आधीपेक्षा मोठा. दुसरा ओळखीचा वाटेना. तो आजवर कधी आला नव्हता.

सगळ्या बाटल्यांत दोन. माझ्यात दोन.

डोकेदुखीची गोळी पाण्यात विरघळवून यंत्राला दिली. दुसरा उंचवटा अगदी त्याच जागी उमटला.

कालही ती गोळी मी घेतली होती. तीस माणसांनी एकाच दिवशी तीच गोळी —

नाही.

त्या बाटल्या त्यांच्या नाहीत. तो कॅन —

तीसही बाटल्यांत मीच आहे.

२२ मार्च

मुकादमाला गाठलं. विचारलं, मामी — सिस्टर तुमच्याकडून बाटल्या कधी नेतात?

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "कसल्या बाटल्या? आमच्याकडे कुणी काही मागितलंच नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही घरच्याच. साहेबांनी सांगितलं, तुम्ही लिहिलं."

मग हात पुढे केले. तळव्याची सालं निघालेली. म्हणाला, "मी हातमोजे काढले ते तुमच्याकडे बघून."

२३ मार्च

सकाळी चहाच्या वेळी दोघांसमोर कागद ठेवले. ओरडायचं ठरवलं होतं. नुसते आकडे वाचून दाखवले.

मामानं नाकारलं नाही. चष्मा पुसत बोलत राहिला, बँकेतल्या कामाबद्दल बोलावं तसा. म्हणाला, निर्वाळा नाही तर कारखाना बंद, अख्खं गाव रस्त्यावर. आधीचा केमिस्ट ऐकेना. "बाहेरचा माणूस बाटली बाहेर नेतो, बाळा. घरचं माणूस घरातच ठेवतं."

मी विचारलं, मी हातमोजे काढले तेव्हा तू काचेपाशी होतास ना?

होतो, म्हणाला.

मला थांबवलं का नाहीस?

"तेव्हा थांबवलं असतं तर तीस जणांना कळलं असतं."

एवढंच. ज्या हातानं मला सायकल शिकवली तो हात टेबलावर होता, स्वच्छ, नखं कापलेली. हा माणूस शेडमध्ये कधी उतरलेलाच नाही.

मामी हुंदके देत म्हणाली, "मी पाणी घालत होते गं. तुझ्या बाटलीत सगळ्यात जास्त. तुला तुझा आकडा दिसू नये म्हणून."

म्हणजे खरा आकडा याच्या कितीतरी वर आहे. आणि माझ्या मामीला तो माहीत होता. रोज. वाढताना बघत होती. वाढत होती पानात, आणखी घे म्हणत होती.

२४ मार्च

लघवीत रक्त.

परदेशी कंपनीला फोन करायला गेले. फोनची वायर नाही. मामा म्हणाला, काय सांगणार? सही तुझी, शरीरही तुझं. खोटं कुणाचं ठरेल?

मामी इंजेक्शन घेऊन आली, शांत झोप लागेल म्हणाली. मी कडी लावली. ती दाराबाहेर बसून रडतेय. मला तिची दया येते, आणि दया आल्याची शिसारी येते.

उद्या प्रयोगशाळेला कुलूप लावणार आहेत. खाली बोलताना ऐकलं.

२५ मार्च, दुपार

न्हाणीघराच्या गच्चीवरून उतरले. मुकादमाला सांगितलं, सगळं. माझी सही, माझा कॅन, सगळं. पाळी सुटली तेव्हा शिटी वाजवली त्यानं.

आले. एकामागून एक. मी बाटल्या आणल्या नव्हत्या, त्यांनी जे मिळालं ते आणलं — चहाचे ग्लास, औषधाच्या बाटल्या, एक लोणच्याची बरणी. कुणी लाजलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं —

पिवळी एकही नाही.

काही काळ्या चहासारख्या. काही —

राणी. उन्हात धरल्या तर सुंदर दिसतात. देवा, सुंदर दिसतात.

२५ मार्च, नंतर

प्रयोगशाळेत. कुलूप लागायच्या आत पोचले. आतून कडी, त्यावर टेबल. यंत्र तापलंय.

बाहेर मामा. ओरडत नाही. मला ताप यायचा तेव्हा ज्या आवाजात बोलायचा तोच आवाज. दार उघड, सोन्या. तुझ्यावर उपचार करू. मोठ्या दवाखान्यात नेऊ. फक्त त्या बाटल्या ओतून दे —

त्याच आवाजात.

मुकादमाचा नमुना घातला. रेघ हलली. वर निघाली.

टेबल सरकतंय. बाहेर आणखी कुणीतरी आहे, लोखंडाचा आवाज —

आकडा लिहून ठेवते, मुकादमाचा आकडा — थांबतच नाही, वरच चाललीय, पेन कागदाच्या कडेला — कागद संपला आणि अजून वर —