कापसाखालचा खडा

दादा,

नमस्कार वगैरे गृहीत धर.

काल फोनवर तू मला झापलंस. बाबा गेल्यावर आठवण म्हणून तू नेलेला लायटर पंधरा दिवसांत बंद पडला, तर मी त्याचं काय वाटोळं केलं, म्हणे!

वाटोळं नाही रे, तो रिकामा झालाय. त्यातलं पेट्रोल न पेटवताही आठवडाभरात उडून जातं. म्हणून दर रविवारी बाबा दुपारचे झोपले की मी तो त्यांच्या खिशातून काढायचे, आतला कापूस भिजेपर्यंत पेट्रोल घालायचे, जळकी वात कापायचे, ठिणगीचा खडा झिजला असेल तर बदलायचे आणि गुपचूप परत ठेवायचे. अशी नऊ वर्षं.

बाबा उठून पहिल्या झटक्यात सिगरेट पेटवायचे आणि येईल त्याला सांगायचे, "माझ्या लेकानं दिलाय. एकदाही दगा दिला नाही. वस्तू आणावी तर त्यानंच!" मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "तुझ्या हाताला कसला गं हा घाण वास?"

तू नऊ वर्षांत दोनदा आलास. तुझं कौतुक करायला त्यांच्याकडे तेवढा लायटरच होता, म्हणून मी गप्प बसले.

बाबांचं कधी अडू नये म्हणून कापसाखाली एक जादा खडा दडवलाय. तो अजून तिथेच आहे. पण ते तुला कळायला हे पत्र टाकावं लागेल, आणि मी ते टाकणार नाही. तू बस लायटरचं चाक घासत.

तुझी,
घाण वासाची बहीण