उद्धवरावांचा अंगठा

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, हिंजवडीतल्या एका हॉटेलच्या आतून कडी लावलेल्या हॉलमध्ये, माझा पुतण्या कुलदीप रंगराव येळवंडे याने माझे पती उद्धवराव यांचा उजवा हात मनगटात मोडला. तोवर मृत्युपत्र करण्याचं माझ्या मनात नव्हतं. आता आहे.

मी, जयमाला उद्धवराव येळवंडे, वय सदुसष्ट, पोस्टातून निवृत्त, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी, हे स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. संताप आहे, पण संताप हा आजार नव्हे, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. याआधी मी कुणाला, विशेषतः कुलदीपला, तोंडी काही देऊ केलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम १. राहता फ्लॅट. माझ्या पगारातून घेतलेला, माझ्या नावावरचा. माझ्या पश्चात तो उद्धवरावांना, आणि त्यांच्यानंतर माझी भाची उत्कर्षा हिला. हे शेवटचं नाव बदलायचं की नाही, ते या कागदाच्या तळाशी लिहिलं आहे.

फ्लॅट कुलदीपला जायचा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील वारल्यावर तो महाळुंग्याहून आमच्याकडे आला आणि नोकरीला लागेपर्यंत माझ्या हातचं जेवला. इंग्रजी मी शिकवलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने माझ्या बोटांवर पट्ट्या मोडून जे उच्चार माझ्यात ठोकले, ते मी त्याला एक चापटही न मारता दिले. त्याच इंग्रजीत तो आता म्हाताऱ्या जोडप्यांना सुट्ट्यांची मेंबरशिप विकतो: एकदा पैसे भरा आणि दरवर्षी एक आठवडा रिसॉर्टवर राहा, जन्मभर.

आम्ही त्या हॉलमध्ये का गेलो, तेही नोंदवते. उद्धवराव भोसरीत प्रेसशॉपला, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याच्या कामावर होते. तिथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, पोस्टाची रविवारी. निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघं एकाच दिवशी घरी असलो ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर मयताला. आता मला एवढंच हवं आहे की सकाळी उठावं, मनात यावं आणि निघावं. उद्धवरावांना मात्र वेळापत्रक असल्याशिवाय पायातली चप्पल सापडत नाही. तेव्हा मेंबरशिप घ्यावी की नाही, यावर घरात वाद होता. बघायला काय जातं, म्हणून कुलदीपच्या कंपनीच्या कार्यक्रमाला गेलो.

पडद्यावर लिहिलं होतं, 'मनात आलं की निघा.' माहिती देणाऱ्या करिष्मा नावाच्या मुलीला मी विचारलं, "उद्या सकाळी निघायचं झालं तर?"

"मॅडम, बुकिंग तीन महिने आधी करावं लागतं."

"तीन महिने आधी मनात कसं आणायचं, बाई?"

उद्धवराव म्हणाले, "अगं, तारीख मिळतीय न्हवं? तेवढंच बरं."

कुलदीपला तेवढं पुरलं. त्याने उद्धवरावांचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "काका, अंगठा लावा, फोन उघडा. पैसं कसं भरायचं ते मी बघतो. आज क्लोज झालंच पायजे."

मी नको म्हणाले. उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "तुझी काकी न्हाई म्हणती. मग न्हाई."

"काकी, तुमी मधी पडू नका!" असं ओरडून कुलदीपने त्यांचा हात ओढला, टेबलावर दाबला आणि अंगठा फोनवर घासला. फोन उघडेना. त्याने मनगट पिळलं, अंगठा पुन्हा रेटला, पुन्हा पिळलं. ओली शेंग मोडावी तसा आवाज आला.

फोन उघडणार नव्हताच. पत्र्याने आणि तेलाने उद्धवरावांच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या आहेत. आधार कार्डाच्या यंत्रानेही त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांचा फोन माझ्या अंगठ्याने उघडतो. त्यांच्या ताटाशेजारी बसून वाढलेल्या पोराने ती बोटं एकदाही नीट पाहिली नाहीत. हात मोडला तो फुकट मोडला.

कलम २. स्टीलची पाण्याची बाटली, बुडाला पोचा आलेली. ही उत्कर्षाला. तिचा पहिला फटका मी कुलदीपच्या तोंडावर मारला. पुढचा दात टेबलावर पडला. दुसरा भिंतीवरच्या टीव्हीला बसला, तो अपघात. तिसरा पुन्हा कुलदीपला, तो अपघात नव्हे. त्याच्या दोन सोबत्यांनी माझा अंबाडा धरून मला मागे खेचलं, तेव्हा एकाच्या दंडाला मी रक्त येईपर्यंत चावले. उत्कर्षाने पोचा काढून घेऊ नये. बाटली गळत नाही.

कलम ३. मोत्याच्या कुड्या करिष्माला. "दार उघडू नको" म्हणून सगळे ओरडत असताना तिने कडी काढली आणि रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा आणली. तिची नोकरी गेली असणार. पत्ता माझी मैत्रीण विजयश्री शोधून काढील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे.

कलम ४. माळ्यावरचा कोयता, माझे सासरे दादासाहेब यांचा. घराण्याच्या रिवाजाने तो कुलदीपकडे जायचा. जाणार नाही. भंगारात द्यावा. त्या संध्याकाळी माझ्या हाताशी बाटली होती, कोयता नव्हता, हे त्याचं नशीब आणि माझंही.

कलम ५. माझी धाकटी जाऊ शालनबाई, म्हणजे कुलदीपची आई. प्लास्टर ओलं असतानाच ती घरी आली, दिराच्या हाताकडे ढुंकून पाहिलं नाही आणि मला म्हणाली, "पोराचा दात पाडला. शोभतं का ताई ह्या वयात?"

मी म्हटलं, "शालनबाई, अजून एकतीस आहेत."

तिला माझ्याकडून काही नाही. माझ्या मयतात तिने गळा काढू नये. काढलाच तर विजयश्रीने तिला दंडाला धरून जिना दाखवावा.

कलम ६. बँकेतली शिल्लक उद्धवरावांना, फक्त फिरण्यासाठी. मेंबरशिप घ्यायची की नाही, याचा निकाल मी इथे देते: घ्यायची नाही. माझ्या पश्चातही नाही.

काल त्यांना भात भरवताना मी म्हटलं, "पुढच्या बुधवारी डॉक्टर हात तपासणार. गुरुवारी सकाळी आपण निघायचं."

"कुठं?"

"ठरवलेलं नाही."

त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, "मग डबा किती वेळचा घ्यायचा?"

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत यावर सही केली आहे. दोघांनाही यातून चमचासुद्धा मिळणार नाही.

सही: जयमाला उद्धवराव येळवंडे
साक्षीदार: १. विजयश्री सुतार, निवृत्त पोस्टमास्तर. २. निरंजन कुलथे, शेजारी.
स्थळ: पिंपरी. मंगळवार, २० जानेवारी २०२६.

प्रत रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह: कुलदीप रंगराव येळवंडे, महाळुंगे.

कुलदीप, माफी लिहू नकोस. ती तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. फोन करू नकोस, आईला पाठवू नकोस. काकांनी हात मागे घेतला, 'न्हाई' म्हणाले, तिथे तू का थांबला नाहीस, एवढंच लिही. स्वतःच्या हाताने, मराठीत. ते वाचून कलम एकमधलं नाव ठेवायचं की खोडायचं, ते मी ठरवीन. उत्तर बुधवार, २८ जानेवारी २०२६, सायंकाळी सहापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालाला उशीर झाला, ही सबब मला तरी सांगू नकोस. गुरुवारी आम्ही घरी नसू, आणि कुठे असू ते आम्हालाही ठाऊक नाही.