प्रश्नातला नळ

मंगळवार, संध्याकाळ. होस्टेल, बीड.

आज नर्सिंगच्या चाचणीत मी वर्गात पहिली आले. लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

मागच्या चाचणीत केवढी फजिती झाली होती! प्रश्न होता, जखमेचं ड्रेसिंग करण्याआधी नर्स सगळ्यात आधी काय करील? मी खूण केली, हातमोजे घालील. मॅडमनी विचारलं, "आणि हात कावून नाही धुतले?" मी म्हणलं, "हातमोजे हायेत की, मॅडम. पाणी वाचतंय." सगळ्या पोरी हसल्या. मॅडम नाही हसल्या. त्याही आमच्यासारख्या टँकरच्या गावच्याच, चौसाळ्याच्या. म्हणाल्या, "प्रश्नातल्या दवाखान्यात नळाला कायम पाणी असतंय. तुझा टँकर वर्गाबाहेर ठेवून येत जा."

तेवढंच धरून ठेवलं. आज प्रत्येक प्रश्नाला आधी डोळ्यांपुढं तो नळ सोडला, मग पर्याय वाचले. एकही चुकला नाही. एकही!

आईला फोन केला तेव्हा ती नेकनूरच्या दूध संस्थेत किटली घेऊन रांगेत होती. तिनं अख्ख्या रांगेला ओरडून सांगितलं. मी इथं लाजले, पण लई बरं वाटलं. मग विचारते कशी, "आता घरी आलीस की नळ सोडून हात धुशील व्हय? खाली घमेलं न्हाई ठेवायची?"

ठेवीन की! पेपरातलं उत्तर पेपरात, घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला. मला दोन्ही येतं.