आज्जीनं विहिरीत सोडलेले सात बेडूक

जांबोटी, ८ जून २०२५

चि. पारमितास आज्जीचा सप्रेम जयभीम, आन् गालाला एक चिमटा.

आधी बेडूक आले, मागनं तुझा काका सत्याप्पा सिमेंटची पोती घेऊन आला. घरामागच्या कातळावर पाणी साचतंय, उघडीप मिळाली की तिथं भात वाळवायला खळं करतो म्हणतोय. त्या डबक्यात अंगठ्याएवढे सात बेडूक होते, कुशीला वाघासारखे पट्टे. मला दया आली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडतात न्हाय का, तसे मी सातही विहिरीत सोडले. काकी म्हणती, सासूबाईंनी विहिरीला भाडेकरू ठेवले.

तुझ्या कॉलेजातली ती मोठी पाल कशी हाय?

लोभ वाढव, चहा कमी कर.
तुझी आज्जी यल्लव्वा

टिळकवाडी, १४ जून

ती. आज्जीस सविनय जयभीम.

आज्जी, घोटाळा केलास. पाल नव्हे गं, कोमोडो ड्रॅगन. इंडोनेशियाच्या बेटांवरची दहा फुटी घोरपड, रेडासुद्धा लोळवते. ती संकटग्रस्त. आणि आंबोलीचा पट्टेवाला बेडूक तिच्याहून वाईट दशेत, अतिसंकटग्रस्त. कॉलेजच्या प्रदर्शनात मी दोघांची चित्रं शेजारी लावली. सगळ्यांनी ड्रॅगनपुढं फोटो काढले. बेडकापुढं एकच थांबला, तोही बुटाची नाडी बांधायला.

तुझे बेडूक तेच असतील तर ते कातळावरच्या उथळ पाण्यातच अंडी घालतात. विहीर त्यांच्या कामाची नाही. त्यांना बाहेर काढ आणि काकांना थांबव. डबकं बुजलं तर पिल्लं होणार नाहीत. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम बघायला येताहेत.

तुझा राग नाही, मायाच आहे.
पारमिता

जांबोटी, २२ जून

चि. पारमितास जयभीम, आन् शाबासकी.

पाच बेडूक बादलीनं वर आले. दोघं लई बेरकी, काठापर्यंत येतात आन् परत उडी मारतात. चार दिवस बादली सत्याप्पाच ओढत होता. एवढ्याशा जिवासाठी खळं सोडू व्हय, म्हणून कुरकुरला. मी म्हटलं, रेडं खाणाऱ्याला लोकांनी बेटं दिली, ह्याला ताटभर पाणी देताना तुझं काय जातंय रं?

मग मॅडम दोन पोरींना घेऊन आल्या आन् कॅमेरा धरून कातळावर पालथ्या पडल्या. शिकलेली बाई बेडकापुढं लोटांगण घालती हे बघून सत्याप्पानंबी पायातल्या चपला काढल्या. डबक्यात अंडी सापडली. बेडूक तोच वाटतोय, पण खात्री करायला पायजे, तवर हात लावू नका, म्हणाल्या.

सत्याप्पा मला म्हणाला, मॅडम परत येईपर्यंतच थांबणार. आन् आज सकाळी बघते तर कोंबड्या जाऊ नयेत म्हणून डबक्याभोवती काटेरी कुंपण घालत होता. मी न बघितल्यागत केलं. तूबी त्याला विचारू नको.

आज्जीवरची माया आटू देऊ नको. मॅडम येत्या गुरुवारी, सव्वीसला, परत येतो म्हणाल्यात.
यल्लव्वा