पहिल्या फेरीला कोण बसणार

चाचा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात तुम्ही मला जहाजाच्या तळाशी दिसलात. हसू नका. इंजिनाच्या खोलीखाली, जिथं माणसाला सरपटतच जावं लागतं, तिथं मी बॅटरी घेऊन पोटावर पडलो होतो आणि तुम्ही समोर उकिडवे बसला होतात, लुंगी गुडघ्यावर, डावा तळहात पत्र्यावर टेकवलेला. मांजरसुंब्याच्या दुकानात ट्रकखाली तुम्ही असेच बसायचात. तिथं उकिडवं बसण्याएवढी उंचीच नाही, हे मला कळतं. तरी तुम्ही बसला होतात. मी हातोडी मारली, आवाज आला, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

तुमच्या हयातीत मी माझं काम तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलं नाही. सुट्टीत आलो की तुम्ही विचारायचात, ‘पाण्यानं गंजतंय तर मंग पाण्यात ठेवता कावून बे त्याला?’ आणि दुकानातले सगळे खो खो हसायचे. तर ऐका. नौदलाची जुनी गस्ती जहाजं आमच्या गोदीत दुरुस्तीला येतात. काही तर माझ्या आधी नोकरीला लागलेली. जहाज एका मोठ्या हौदात आणायचं, दरवाजा लावून हौदातलं पाणी उपसायचं, की मग ते उघडं पडतं आणि त्याचं खरं वय दिसतं. शेवाळ खरवडायचं, झिजलेले पत्रे कापून नवे जोडायचे, इंजिनं खोलायची, रंग द्यायचा आणि पुन्हा गस्तीवर धाडायचं. ट्रकचंच काम, फक्त ट्रक गल्लीएवढा लांब. तळाचे पत्रे तपासून सही करणं माझ्याकडे. ज्यानं लहानपणी पाणी टँकरमध्येच पाहिलं त्या बीडच्या माणसानं जहाज तरंगेल की नाही ते सांगायचं! यावर तुम्ही एकदा चहा सांडेपर्यंत हसला होतात.

तुमच्या दुकानाचा एक कायदा होता. चासी असो, ब्रेक असो, ज्यानं काम केलं त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि भरल्या गाडीनं घाट उतरायचा. पायथ्याला उतरून मिळेल त्या गाडीनं परत यायचं. ड्रायव्हर लोक या कायद्यासाठी लांबून तुमच्याकडे यायचे. मी आयटीआय करून आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला ते नाटक वाटायचं. मग तो कांद्याचा ट्रक आला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चासीला तडा. तडा आधी घासून मुळापर्यंत उकरायचा आणि मग भरायचा, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलेलं. पण मधेच लाइट गेली ती तीन तास आली नाही, आणि आली तेव्हा ड्रायव्हर डोक्यावर उभा, कांदा घाम सोडतोय म्हणून. मी तडा उकरलाच नाही. वरूनच वेल्डिंगचा जाड टाका ओढला, ब्रश मारला, काळा रंग लावला. दिसायला असा देखणा की काय सांगू. ट्रक सुरू झाला, ड्रायव्हरनं दार उघडून धरलं, आणि मी पोट धरून खाली बसलो.

‘पोट दुखतंय व्हय?’

‘लई दुखतंय, चाचा.’

तुम्ही टाक्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. माझ्याकडेच पाहिलंत. ‘बरं. पड सावलीला. मी बसतो.’ आणि लुंगी सावरत वर चढलात. मी तुम्हाला थांबवू शकलो असतो. नुसतं ‘उतरा’ म्हणायचं होतं. ट्रक वळणाआड गेला आणि मी रस्त्याकडे बघत बसलो. घाटातून येणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक एसटी. कंडक्टरची घंटा वाजली की मी उठतोय, तुम्ही उतरत नाही, मी पुन्हा बसतोय. त्या तीन तासांत मी काय काय नवस बोललो ते देवालाच माहीत.

तुम्ही दुपारी परत आलात, एका टेम्पोतून. हातपाय धुतलेत, नमाज पढलात, चहा मागवलात आणि अर्धा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवलात. ‘पोट कसं हाय?’ ‘बरं हाय.’ ‘लवकर बरं झालं,’ तुम्ही म्हणालात. मग सांगितलंत, की तिसऱ्या वळणाला चासी कण्हली, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं खाली नेली, आणि कांदा दुसऱ्या ट्रकात भरायला लावला. संध्याकाळी रिकामा ट्रक परत आल्यावर तुम्ही स्वतः तो टाका कापलात. आत तडा होता तसाच, वर नुसतं काळं कीट. ‘हात ठेव,’ तुम्ही म्हणालात. मी तळहात ठेवला. लोखंड अजून गरम होतं. एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते नवा टाका घालायला बसलात.

गोदीत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमची बाभळीच्या दांड्याची हातोडी दिलीत, तेलकट फडक्यात गुंडाळून. ‘यंत्रं लई देतील तुला तिथं. घे. पण हात टेकव आन् हे बी वाजव.’ मी वाजवत आलो. धड पत्रा ठण्ण बोलतो, झिजलेला थप्प. आणि तुमचा कायदाही पाळला. माझ्या सहीचं प्रत्येक जहाज पहिल्यांदा समुद्रात चाचणीला निघालं की मी त्यावर असायचो. दर वेळी ओकायचो. खलाशी माझ्यासाठी बादली तयार ठेवायचे आणि म्हणायचे, ‘आले बीडचे दर्यावर्दी.’ दर सुट्टीला मी दुकानात यायचो आणि तुम्ही पहिलं विचारायचात, ‘पोट कसं हाय?’ लोकांना वाटायचं, म्हातारा किती माया करतो. शेवटी बीडच्या दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावलेल्या होत्या, तेव्हाही तुम्ही तेच विचारलंत. मी म्हणालो, ‘बरं हाय, चाचा.’ तुम्ही डोळे मिटलेत. मी गोदीकडे निघालो आणि चार दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

आता हे जहाज. जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर आखलेल्या चौकटींच्या कोपऱ्यांवर ठेवतात. सगळे आकडे बरोबर आले. पण दोन कोपऱ्यांच्या मधे, पाइपांच्या मागं, हातोडी थप्प वाजली. मी पुन्हा मारली. थप्प. तळहाताला कळलं, तुम्ही शिकवलेलं विसरत नाही तो. तो पत्रा कापायचा तर वरचे सगळे पाइप काढावे लागणार, आणि जहाज दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडायचं ठरलेलं, हौदासाठी दुसरं रांगेत उभं. कुणी माझ्यावर जोर केला नाही, चाचा. साहेबांनी फक्त विचारलं, ‘झालं का?’ कागदावर आकडे होते. मी सही केली. जहाज पाण्यात उतरलं, धक्क्याला लागलं. पावसाळी समुद्रात तेच जहाज चाळीस माणसं घेऊन गस्त घालणार आहे. आणि त्याची चाचणी परवावर आली होती.

यादीत माझं नाव होतं. मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची रजा टाकली. माझ्या हाताखाली एक नवीन तपासनीस लागलीय, हुशार पोर, तिला मीच तुमचा कायदा शिकवलाय. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही आईंकडे बघा. मी बसते ना.’ त्या रात्रीच्या बसमध्ये मी सबंध रस्ता डोळे उघडे ठेवून होतो.

इथं गावी येऊन दोन दिवस झाले. आई परातीत भाकरी थापते, थप्प, थप्प. मी उठून अंगणात जातो. घाटाच्या बाजूला कुणीतरी ब्रेक मारतो, मी तिसरं वळण मोजतो. आज सकाळी आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, ‘माझा डोळा मागच्या म्हयन्यातच केला. आता मला भिंतीवरची मुंगी दिसती. मंग तू कावून आलास?’ मी ताट पुढं ओढलं. ‘तुझ्या तोंडाकडं बघवत न्हाई,’ ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी ताटावरून उठलो आणि साहेबांना फोन लावला. पत्रा कुठला, कुठल्या पाइपामागं, सगळं सांगितलं. मला आवाज आला होता आणि तरी मी सही केली, हेही सांगितलं. त्यांनी पत्र्याची जागा पुन्हा विचारून लिहून घेतली. मग म्हणाले, ‘परत हौदात घ्यावं लागेल. तुमची चौकशी लागेल.’ मी म्हणालो, ‘माहीत आहे.’ चाचणी रद्द झाली. नंतर त्या पोरीचाही फोन आला. ‘सर, तुम्हाला आधीच कळलं होतं?’ एवढंच विचारलं तिनं. मी हो म्हणालो. तिनं फोन ठेवला. तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता.

आता दुपारची गाडी पकडायला मांजरसुंब्याला निघतोय. तुमच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, तिथूनच बस धरायची. पत्रा निघेल, नवा लागेल, आणि नोकरी उरली तर पहिल्या फेरीला मी बसेन. नाही उरली तर धक्क्यावर उभा राहीन, जहाज परत येईपर्यंत. हा कागद हातोडीच्या फडक्यात ठेवतोय, दुसरा पत्ता मला माहीत नाही. साहेबांना सांगून झालं, पोरीला सांगून झालं. तुम्ही मात्र इतकी वर्षं विचारत राहिलात आणि मी दर वेळी खोटं बोललो. त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं, चाचा.