किडे आले की मी सुटलो

३ जून
बंद पडलेल्या दगडखाणीत पुन्हा रान उभं करायचं, हे काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलंय. केबिन एक, खाट एक, चारी बाजूंना उभे कडे. कीटकवाल्या मॅडम म्हणाल्या, मातीत किडे नांदू लागले की जागा जिवंत झाली समजायची, मग तुमची बदली घराजवळ. किडे काय, न बोलावता येतात! बायकोला कळवलं, थंडीच्या आत घरी.

१० जून
जमिनीत प्लास्टिकचे पेले पुरले, तोंड मातीच्या पातळीला. चालता किडा आत पडतो. मोजायचा, सोडायचा.
आज पडलं: माझ्या पेनाचं टोपण.

२ जुलै
पेले रिकामे. एवढ्या कचऱ्यात कोण येईल? उद्यापासून पालापाचोळा झाडून बाहेर. डिसिप्लिन!

१९ जुलै
जमीन लख्ख. पण रोपांची पानं कुणीतरी कुरतडलीत. हलकटपणा. औषध फवारलं.

५ ऑगस्ट
शून्य. इथले किडेच आळशी. बायको म्हणाली, अहो, पाला काढून घेतलात, वर विष मारताय, ते बिचारे राहतील कुठे? तिला फील्डचा अनुभव नाही.
लेकीचा वाढदिवस फोनवरच झाला. हे कडे रोज थोडे जवळ सरकतात असं वाटतं.

२१ ऑगस्ट
झाडताना कमरेत उसण भरली. डॉक्टरांनी वाकायला साफ मनाई केली. झाडू बंद, फवारणी बंद. सगळा प्लॅन बोंबलला.

१७ सप्टेंबर, सकाळी
लंगडत जाऊन पेले पाहिले. गच्च! भुंगेरे, कोळी, गोम, गोगलगाय. कुजलेल्या पाल्याखाली गांडुळं. आधीच्या मेहनतीचं फळ, जरा उशिरा आलं इतकंच. सुटलो!

२० सप्टेंबर
मॅडम पाहून थक्क. कसं जमवलंत, म्हणाल्या. उसणीचं सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणालो, माझी खास पद्धत आहे, दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

२३ सप्टेंबर
मॅडमचा फोन. दुसऱ्या कुणाला जमणार नाही, म्हणून बदली रद्द. शेजारची खाणही माझ्याकडेच.
बायकोला म्हणालो, एक प्रकारे प्रमोशनच. लेकीने फोन घेतला. म्हणाली, मग बाबा, किड्यांना सांगा ना, परत जा म्हणून.
म्हणालो, नाही गं बाळा, ते आता इथेच राहणार.
आणि मीही, हे सांगायचा धीर झाला नाही.