आबा, ढगात साखर सापडली

आबा,

'प्रिय' लिहायला हात उचलेना, म्हणून नुसतं आबा. तुम्ही गेलात, आता साखर कारखाना तुमची स्मरणिका काढतोय. "चेअरमनसायबांच्या लेकीचे दोन शब्द पायजेतच," म्हणून फोनवर फोन. त्यांना देण्याजोगे शब्द माझ्याकडं नाहीत. जे आहेत ते तुमच्यासाठीच आहेत, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी पुण्यात काय करते, हे कधी नीट ऐकून घेतलंत का हो? ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायू आणि धुळीचे अफाट ढग असतात. त्यांच्यातच नवे तारे जन्मतात. त्या ढगांतला प्रत्येक रेणू आपल्या ठरावीक लहरी सोडतो. रेडिओ दुर्बिणीनं त्या टिपायच्या आणि कोणता रेणू किती आहे ते मोजायचं. मी साखरेच्या कुळातला एक साधा रेणू शोधत होते.

परदेशातली मोठी दुर्बीण पुण्यातून चालवायला मला मोठ्या मुश्किलीनं थोडा वेळ मिळाला होता. ऐन मोजणीत तुमचा फोन आला. "तुजी माय काय वाचत न्हाई. हाईस तशी नीघ."

निघाले. एसटीत सगळी वाट रडत होते. घरी पोचले तर आई चुलीपुढं भजी तळत होती! मला बघून तीच घाबरली. "आगं, तू कावून आलीस? बरी हाईस न्हवं?" तुमच्या फोनचा तिला पत्ताच नव्हता.

ओसरीवर सिरसाळ्याचे पाहुणे बसले होते. कारखान्याच्या निवडणुकीत त्यांच्याकडं मतं होती, आणि तुमच्याकडं लग्नाची लेक.

"आमची सुनी आभाळात साखर हुडकती," तुम्ही त्यांना म्हणालात. "हितं दुष्काळानं ऊस वाळला, गाळप बंद पडलं. तिकडून दोन टरक भरून आण म्हणलं!" सगळे लई हसले. वेशीत टँकरपाशी भांडणाऱ्या बायांना ही गोष्ट कळली, तेव्हा त्याही हसल्या.

मी नकार दिला. "मग पुन्यांदा ह्या दारात पाय ठिवू नगं," म्हणालात. इकडं दुर्बिणीवरचा माझा वेळ संपून गेला. त्या ढगातला तो रेणू पुढं दुसऱ्यांनीच शोधला.

आणि आई खरंच गेली तेव्हा? दवाखान्यात सारखी माझं नाव घेत होती म्हणे. चुलतीनं मला सांगितलं ते राख सावडून झाल्यावर! मी तुम्हाला फोन केला. "आबा, मला कळवलं का नाही?"

"तुला कामातनं कावून उठवायचं? साखर हुडकीत व्हतीस न्हवं?"

एका नकाराचा एवढा सूड, आबा?

तुम्हाला अर्धांगवायू झाला, निरोप आला, म्हणून आले. तुमची वाचा गेली होती. उशाशी बसून सांगितलं, मी दुसरा ढग धरला, साखर सापडली, मोजलीसुद्धा. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्हाला माफी हवी होती, हे मला कळत होतं. तोंड पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं. चालत्या हातानं तुम्ही माझा पदर धरलात. तो सोडवून मी उठले. वाईट वाटतं का? नाही वाटत.

माझा शोधनिबंध आता छापायला जातोय. कारखान्याच्या कमानीवर, सोसायटीच्या भिंतीवर, सगळीकडं तुमचं नाव आहे. तिथं राहू दे. माझ्या नावामागून मात्र ते काढलंय आणि त्या जागी आईला बसवलंय. वचन देते आबा, माझ्या कुठल्याच कामावर तुम्ही पुन्हा दिसणार नाही.

सुनंदा गिरिजा